साठी उलटल्यावर अक्षरओळख: आमच्या घरचा अनुभव

आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, नोव्हेंबर २०२३ मध्ये अक्षरे गिरवू लागल्या तेव्हा बासष्ट वर्षांच्या होत्या. मार्च २०२५ मध्ये बँकेतील त्यांच्या खात्यावर अंगठ्याच्या जागी सहीची नोंद झाली. या काळात काय काय करावे लागले, कुठे थांबावे लागले आणि खर्च किती आला, हे मी क्रमाने लिहून ठेवत आहे, कारण सीमाभागातील मराठी घरात मोठ्या माणसाला शिकवायचे तर नेमकी कुठून सुरुवात करावी, हे सांगणारे आम्हाला कोणी भेटले नाही.

आमचे गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, चंदगडच्या हद्दीजवळ आहे. पावसाळ्यात भात, माळावर रताळी आणि घरटी एक-दोन म्हशी, असा येथला संसार आहे. घरात आणि गल्लीत बोलणे मराठी असले तरी रेशन कार्ड, विजेचे बिल, जमिनीचा उतारा आणि बसची पाटी कन्नड असते. आत्तींचे माहेर हद्दीपलीकडे चंदगड तालुक्यात आहे. त्या शाळेत एक दिवसही गेल्या नाहीत. धाकट्या भावंडांना सांभाळणे आणि गुरांमागे जाणे हे त्यांच्याकडे आले. राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले होते. ती मुदत १९६० मध्ये संपली आणि आत्ती १९६१ मध्ये जन्मल्या. त्यांच्या वयाच्या बायकांना कोणी ‘अडाणी’ म्हटले की मला हे साल आठवते.

त्या एकट्या नाहीत, हेही सांगायला हवे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यातील पुरुषांची साक्षरता ८२ टक्के आणि स्त्रियांची सुमारे ६५ टक्के नोंदली गेली. म्हणजे सात वर्षांवरील दर तीन स्त्रियांमागे एक निरक्षर होती. जनगणनेच्या व्याख्येनुसार कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारी व्यक्ती साक्षर असते. नुसती सही येणे या व्याख्येत बसत नाही आणि आमच्या साऱ्या खटपटीत मी हीच गोष्ट सर्वांत जास्त जपली.

निमित्त झाले गृहलक्ष्मी योजनेचे. ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटकात कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यावर महिन्याला २००० रुपये जमा होऊ लागले आणि ज्या बायका वर्षानुवर्षे बँकेची पायरी चढल्या नव्हत्या, त्या रांगेत उभ्या राहिल्या. आमच्या शाखेत अंगठ्यावर चालणाऱ्या खात्याला एटीएम कार्ड देत नव्हते, त्यामुळे प्रत्येक वेळी स्वतः जाणे भाग होते. पैसे काढण्याची स्लिप भरून देणारा कोणीतरी शोधायचा, त्याच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवायचे आणि आपल्या खात्यात किती शिल्लक आहे हे त्याच्या तोंडून चारचौघांत ऐकायचे, असा प्रकार होता. एके दिवशी घरी येऊन आत्ती म्हणाल्या, “माझं पैसं, अन् मलाच ठाव न्हाई किती हाईत ते.” त्यावर मी शिकण्याचा विषय काढला, तेव्हा त्यांचे उत्तर होते, “ह्या वयात मी काय शिकतो गं आता?” नकार स्पष्ट होता, तरी दिवाळी झाल्यावर त्यांनी आपणहून नातवंडांची जुनी पाटी माळ्यावरून काढायला सांगितली.

पहिला आठवडा पाटीवर काहीच जमले नाही. आत्ती पाटी लांब धरत, मग जवळ घेत आणि “डोक्यात शिरत न्हाई” म्हणून बाजूला ठेवत. डोळे तपासून घेतल्यावर अडचण नजरेची होती असे कळले. चाळिशीनंतर जवळचे अंधुक होणे सर्वांनाच होते, पण ज्या माणसाला आयुष्यात कधी बारीक अक्षर वाचावे लागले नाही, त्याला ते लक्षातही येत नाही. तपासणी आणि चष्मा मिळून साधारण ७०० रुपये लागले आणि चष्मा यायला आठवडाभर थांबावे लागले. प्रौढ माणसाला शिकवायला बसणाऱ्या प्रत्येकाला माझे पहिले सांगणे हेच आहे: पाटी घेण्याआधी डोळे तपासून घ्या. आपल्याला बुद्धी नाही असे समजून या टप्प्यावर किती जणांनी पाटी कायमची ठेवून दिली असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटते.

डिसेंबरमध्ये मी सरकारी योजनेची चौकशी केली. केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, ज्याला ‘उल्लास’ या नावाने ओळखतात, २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी मंजूर झालेला आहे. १५ वर्षांवरील कोणत्याही निरक्षर व्यक्तीचे नाव त्यात नोंदवता येते, वयाला वरची मर्यादा नाही आणि शिकवणारे स्वयंसेवक असतात. त्यांना मानधन नसते. त्याआधीचा ‘साक्षर भारत’ कार्यक्रम ३१ मार्च २०१८ रोजी संपला होता. मधल्या चार वर्षांत गावोगावच्या नवसाक्षरांचे जे शिकणे अर्धवट राहिले, त्याची किंमत कोणत्याही अहवालात पुरती उतरणार नाही.

चौकशी करताना ज्या कार्यालयात मला पाठवले गेले, तेथील कर्मचाऱ्यांनी आपुलकीने बसवून घेतले, माहिती दिली आणि एक पुस्तकही दिले. ते पुस्तक कन्नड होते. मराठी पुस्तक त्यांच्याकडे उपलब्ध नव्हते आणि कधी येईल हे त्यांना सांगता आले नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्यास राज्यघटनेचे ३५०-अ हे कलम सांगते आणि त्यामुळेच आमच्या गावात सरकारी मराठी शाळा आहे. मात्र त्या कलमात उल्लेख मुलांचा आहे. ज्यांचे बालपण शाळेविना गेले, त्या प्रौढांनी कोणत्या भाषेत अक्षर शिकावे, याविषयी त्यात काही नाही.

येथे घरात मतभेद झाले. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की व्यवहार सारा कन्नडमध्ये आहे, तर एकाच लिपीवर मेहनत घ्यावी आणि ती कन्नड असावी. हे म्हणणे चुकीचे नव्हते. मी मात्र मराठीवर अडून बसले, आणि त्याचे कारण भावनिक नव्हते. आत्तींना बाजारापुरते कन्नड येते. ‘एष्टु’ (किती), ‘बन्नी’ (या), ‘होगी’ (जा) हे त्या बोलतात, पण त्यापलीकडचा शब्दसंग्रह त्यांच्याकडे नाही. ‘म्है’ आणि ‘स’ जुळवल्यावर ‘म्हैस’ हा शब्द कानावर पडतो आणि डोळ्यांसमोर गोठा उभा राहतो, तेव्हाच वाचणे म्हणजे काय हे शिकणाऱ्याला कळते. परक्या भाषेतील शब्द अक्षरे जुळवून उच्चारला, पण त्याचा अर्थ लागला नाही, तर दमणूक तेवढी पदरी पडते. शेवटी आधी मराठी आणि मग कन्नड असे ठरले.

साहित्य आम्ही जमेल तसे जमवले. बालभारतीचे पहिलीचे पुस्तक संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेतले आणि दीक्षा या सरकारी ऑनलाइन शैक्षणिक मंचावर प्रौढ साक्षरतेचे जे साहित्य आहे, तेही मोबाइलवर पाहिले. पहिलीच्या पुस्तकातील चित्रे आणि बडबडगीते पाहून आत्तींना अवघडल्यासारखे झाले, म्हणून ते पुस्तक मी फक्त अक्षरांच्या क्रमासाठी जवळ ठेवले आणि शब्द त्यांच्या रोजच्या जगण्यातून घेतले: त्यांचे नाव, गावाचे नाव, भात, रताळी, दूध, म्हैस, मुलांची आणि नातवंडांची नावे. स्वतःच्या नावातील तीन अक्षरे पक्की झाली की त्याच अक्षरांनी सुरू होणारे दुसरे शब्द घ्यायचे, अशी रीत ठेवली.

हाताचा प्रश्न मात्र वेगळा होता. चाळीस वर्षे खुरपे आणि विळा धरलेल्या बोटांना पेन्सिल हलकी लागते. ती निसटते, किंवा माणूस ती इतकी दाबून धरतो की मनगट दुखते. यावर उपाय आत्तींनीच काढला. सकाळी अंगण सारवून झाल्यावर त्या रांगोळीने उंबऱ्यापुढे मोठे अक्षर काढू लागल्या. रांगोळीची चिमूट त्यांच्या हातात बसलेली होती, त्यामुळे ‘क’ची गोलाई आणि ‘र’चा तिरपा पाय तेथे न अडखळता उतरला आणि मग तो पाटीवर आला. ते अंगणातले अक्षर बघूनच शेजारच्या एक काकू आणि समोरच्या वैनी विचारपूस करत आल्या आणि जानेवारी २०२४ पासून रात्रीच्या जेवणानंतर आमच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, तिघी बसू लागल्या. तिघी एकत्र असल्या की संकोच निम्म्याने कमी होतो, असे मला दिसले. सुरुवातीला दार लावून बसत असत, कारण येता-जाता कोणी “काय, म्हातारपणी शाळा?” म्हणे. मार्चपर्यंत दार उघडे राहू लागले.

आकड्यांच्या बाबतीत मी शिकवण्यापेक्षा शिकलेच अधिक. लिहिता न येणाऱ्या माणसाला हिशेब येत नाही, हा समज निव्वळ खोटा आहे. आत्ती पायलीचा, मजुरीचा आणि दुधाचा हिशेब तोंडी करतात आणि तो माझ्या आधी होतो. नोटा त्या रंगावरून ओळखत. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर नोटांचे रंग आणि आकार बदलले तेव्हा त्यांची ही ओळख मोडली होती आणि पुढे कित्येक महिने त्या एकट्या बाजाराला गेल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांना संख्या शिकवण्याची गरज नव्हती, चिन्हे तेवढी शिकवायची होती. नोटेवर, मोबाइलवर आणि बँकेच्या स्लिपवर इंग्रजी आकडे असतात, म्हणून ते आधी घेतले आणि मराठी आकडे मागून घेतले. सरावाला डेअरीचे कार्ड फार उपयोगी पडले, कारण त्यावर रोजचे लिटर, फॅट आणि दर लिहिलेले असतात आणि रोज नवा आकडा वाचायला मिळतो. आपल्या दुधाला आज फॅट किती लागले, हे स्वतः वाचण्याची ओढ त्यांना कोणत्याही धड्यापेक्षा जास्त होती.

जून २०२४ मध्ये पाऊस लागला आणि पाटी बंद पडली. पेरणी, रोप लावणे आणि भांगलण यांत ऑगस्ट उलटून गेला. दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईला रात्री अक्षरे वाचायला सांगणे मला योग्य वाटले नाही. श्रावणाच्या शेवटी पुन्हा बसलो तेव्हा जोडाक्षरे पुसली गेली होती आणि ‘घ’ आणि ‘ध’ यांत पुन्हा गोंधळ होत होता. आत्तींना त्याचे फार वाईट वाटले. एक-दोन दिवस त्या जेवणात चित्त नसल्यासारख्या होत्या. नवसाक्षर माणूस वाचन सुटल्यावर पुन्हा निरक्षरतेकडे सरकतो, हे साक्षरतेच्या कामातील जुने दुखणे आहे आणि ते मी घरातच पाहिले. गेलेले परत यायला मात्र पहिल्याइतका वेळ लागत नाही. तीन आठवड्यांत त्या पूर्वीच्या जागी आल्या. शेतकरी कुटुंबात शिकवणाऱ्यांनी वेळापत्रक सुगी संपल्यापासून मेअखेरपर्यंतचे धरावे आणि पावसाळ्यात निदान वर्तमानपत्रातील एक मथळा रोज वाचण्याची सवय सोडू नये. आमच्याकडे ‘तरुण भारत’ येतो. त्यातील गावांच्या नावांच्या बातम्या आत्ती आधी शोधतात.

दसऱ्यानंतर कन्नडला सुरुवात केली आणि हे काम माझ्या मुलीने केले, कारण मराठी शाळेत तिला कन्नड विषय आहे. मला भीती होती की दुसरी लिपी ओझे होईल. प्रत्यक्षात उलटे घडले. कन्नडमध्येही अक्षरांचा क्रम क, ख, ग, घ असाच आहे आणि आपल्या बाराखडीसारखी तेथे ‘कागुणित’ आहे, त्यामुळे काना, वेलांटी आणि मात्रा यांची कल्पना आत्तींना पुन्हा समजावावी लागली नाही. नवीन होती ती केवळ वळणे. ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ तेथे वेगळे लिहितात आणि जोडाक्षरातील दुसरे अक्षर खाली लटकवतात, ही दोन ठिकाणे अवघड गेली आणि अजूनही जातात. आम्ही सारे कन्नड शिकवण्याचा आग्रह धरला नाही. बसच्या पाट्यांवरील गावांची नावे, ‘न्यायबेले अंगडी’ म्हणजे रेशन दुकानाची पाटी, विजेच्या बिलातील रकमेची आणि शेवटच्या तारखेची जागा, एवढ्यावर भर दिला. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे, पण पाटी वाचता येत नसेल तर मोफत बससुद्धा कोणाला तरी विचारूनच पकडावी लागते. डिसेंबरमध्ये आत्ती बेळगावच्या बसस्थानकावरून एकट्या घरी आल्या आणि “कुणाला इचारलो न्हाई,” एवढेच म्हणाल्या. त्या रात्री आम्ही सर्वांनी शिरा करून खाल्ला.

‘उल्लास’च्या परीक्षेविषयी थोडे सांगते, कारण पुष्कळ जण त्याबद्दल विचारतात. ही परीक्षा १५० गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण असतात आणि उत्तीर्ण होणाऱ्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र मिळते. आत्तींनी परीक्षा नंतर देईन, आधी बँकेचे काम करू, असे सांगितले आणि मी त्यांचे ऐकले. मोठ्या माणसाला कशासाठी शिकायचे आहे, हे त्यानेच ठरवावे.

सही बदलण्याची प्रक्रिया फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू केली. आमच्या शाखेत साधा अर्ज, पासबुक, आधार कार्डाची प्रत, दोन फोटो आणि नमुना सहीचे नवे कार्ड, एवढे मागितले. फोटोंना ८० रुपये आणि झेरॉक्सला किरकोळ खर्च आला. बँकेने शुल्क घेतले नाही. सही मराठीत चालेल का, अशी शंका होती, ती चालते. अर्ज इंग्रजी आणि कन्नडमध्ये असल्यामुळे, त्यातील मजकूर खातेदाराला तिच्या भाषेत समजावून सांगितला आहे, असे एक निवेदन माझ्या सहीने जोडायला सांगितले. ही बाब आधी माहीत असेल तर परत जावे लागत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा संबंधित अधिकारी रजेवर होते. पुढच्या खेपेस आत्तींना त्यांच्यासमोर ओळीने काही वेळा सही करायला सांगितले आणि मागे उभ्या असलेल्या लोकांमुळे त्यांचा हात थरथरू लागला. अधिकाऱ्यांनी त्यांना बाजूच्या टेबलावर पाणी देऊन बसवले आणि सावकाश करा म्हणाले. नोंद व्हायला सुमारे दोन आठवडे लागले. यासाठी एक सूचना: सही वळणदार करण्याच्या नादी लागू नये, पूर्ण नाव सुटे आणि नेहमी एकाच पद्धतीने लिहावे. पुढे नमुन्याशी सही जुळली नाही, तर अडचण खातेदाराचीच होते.

सहीने सर्व अडचणी मिटत नाहीत, हेही खरे. रेशनच्या मशीनवर अजून बोटाचा ठसा लागतो आणि मातीत काम करून रेषा झिजलेल्या बायकांचे ठसे तेथे उमटत नाहीत. आत्तींना कधी कधी चार बोटे आळीपाळीने टेकवावी लागतात.

मला ज्याची धास्ती होती, तो प्रसंग मे २०२५ मध्ये आला. आमच्या भागात बायकांच्या गटांना कर्ज देणाऱ्या खाजगी कंपन्या गावोगाव फिरतात. या कर्जांत गटातील बायका एकमेकींच्या हप्त्यांना बांधील असतात. वसुलीचा जाच इतका वाढला होता की फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला त्याविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. अशाच एका गटाचा कागद घेऊन एक प्रतिनिधी आला आणि आता तुम्हाला सही येते, येथे करा, असे आत्तींना म्हणाला. माणसाला फक्त सही शिकवली, तर अशा वेळी तिचा फायदा दुसऱ्यालाच होतो. आत्तींनी चष्मा लावून रकमेचा आणि हप्त्यांचा आकडा वाचला, तो तोंडी सांगितलेल्या रकमेहून मोठा होता, आणि नातीने पूर्ण वाचल्याशिवाय सही करणार नाही असे सांगून त्यांनी कागद ठेवून घेतला. मुलीने संध्याकाळी कन्नड मजकूर वाचून दाखवला, तेव्हा वरची रक्कम गटातील दुसऱ्या एका बाईच्या कर्जाची होती आणि तिला हमी म्हणून आत्तींची सही हवी होती, असे कळले. दुसऱ्या दिवशी कागद कोरा परत गेला.

आता समोरच्या वैनींचे सही बदलण्याचे काम चालू आहे आणि काकू अजून जोडाक्षरांवर आहेत. आत्ती पैसे काढण्याची स्लिप स्वतः भरतात. त्यांना त्यासाठी दहा मिनिटे लागतात आणि मागून कोणी घाई केली की आकडा चुकतो. म्हणून आम्ही दोन-तीन कोऱ्या स्लिपा घरी आणून ठेवल्या आहेत. त्या आदल्या रात्री भरतात आणि गृहलक्ष्मीचे पैसे जमा झाल्यावरचा पहिला आठवडा टाळून, दुपारी दोननंतर रांग कमी असते तेव्हा बँकेत जातात.